पक्षाघातानंतरच्या जीवनमानाची मोजणी: पार्श्वभूमी

पक्षाघातातून बचावलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य कसे जाते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने बराच उशिरा विचारला. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्येच आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक स्वास्थ्याच्या जोडीला मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्यालाही स्थान दिले होते. मात्र पक्षाघाताच्या संदर्भात पुढची कित्येक दशके भर राहिला तो रुग्ण वाचला का आणि त्याला परावलंबित्व किती आले यावरच.

स्कॉटलंडमधील डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये साठीपुढच्या रुग्णांसाठी अपंगत्वाची पाच पायऱ्यांची श्रेणी मांडली. तिची सुधारित आवृत्ती आजही वापरली जाते आणि तिच्यात शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही, तर सहा म्हणजे मृत्यू. १९६५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी जेवण, आंघोळ, कपडे घालणे, मलमूत्रावरील नियंत्रण, पलंगावरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून शंभर गुण ठेवले. आंघोळ स्वतः करता आली तर पाच गुण, सपाट जमिनीवर ठरावीक अंतर चालता आले तर पंधरा. या दोघींनी एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट लिहून ठेवली होती: शंभर गुण मिळालेला रुग्ण परिचारकाविना राहू शकेल, पण त्याला स्वयंपाक, घरकाम किंवा लोकांत वावरणे जमेलच असे नाही. हा इशारा पुढे फारसा कोणी मनावर घेतला नाही. बोलणे, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती यांना या गुणपत्रिकेत जागाच नव्हती. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची १९९५ मधील गाजलेली अमेरिकी चाचणीसुद्धा तीन महिन्यांनंतरचे यश ठरवताना अशाच श्रेणींवर विसंबली होती.

जीवनमानाच्या सर्वसाधारण प्रश्नावल्या १९९०च्या सुमारास आल्या, परंतु त्या कोणत्याही आजारासाठी होत्या आणि वाचा किंवा हाताची पकड गेल्याने होणारी कोंडी त्यांत नीट उमटत नसे. खरा बदल १९९९ मध्ये झाला. त्या वर्षी केवळ पक्षाघातासाठी बनवलेल्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींतील प्रश्न ठरवताना रुग्णांचे म्हणणे आधी ऐकून घेतले गेले होते. त्यामुळे थकवा, चिडचिड, कुटुंबातील बदललेले स्थान, कामावर परतता न येणे या बाबी प्रथमच हातापायांच्या हालचालींच्या पंक्तीला बसल्या. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एकाला नैराश्य येते हे लक्षात घेतले, तर मनःस्थितीचा प्रश्न इतकी वर्षे बाजूला राहिला याचे नवल वाटते.

तरीही एक गट बाहेरच होता. वाचाघात झालेल्यांना, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा वापरण्याची क्षमता बिघडलेल्यांना, प्रश्न वाचता किंवा उत्तर सांगता येत नाही, म्हणून अनेक अभ्यासांतून त्यांना सरळ वगळले जाई. लंडनमधील कतेरिना हिलारी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांच्यासाठी ३९ प्रश्नांची सोपी मांडणी तयार केली. ज्यांना तीही जमत नाही त्यांच्या वतीने जवळचे नातेवाईक उत्तरे देतात, आणि इथे नवी अडचण उभी राहते: नातेवाईक बहुधा रुग्णापेक्षा कमी गुण देतात. चालण्याफिरण्याबाबत दोघांची उत्तरे बऱ्यापैकी जुळतात, कारण ते डोळ्यांना दिसते. मनःस्थितीबाबत मात्र तफावत वाढते.