घरच्या संगणकावर मराठी: मोफत साधनांची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये घरच्या संगणकावर मराठी लिहिणाऱ्याला आज लिब्रेऑफिस हा कार्यालयीन संच, फायरफॉक्स हा न्याहाळक (ब्राउझर), युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक सांकेतिक पद्धत) पाळणारे फॉन्ट आणि भारतीय लिप्यांचा इनस्क्रिप्ट कळफलक ही सगळी साधने फुकट मिळतात. मात्र त्यांचा इथला इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून निराळा आहे, कारण या शहरात देवनागरी संगणकावर आली ती हिंदीच्या हाताने. रामबाग किंवा सुदामानगरातल्या मराठी घरांतली मुले टंकलेखन शिकली ती हिंदीच्या परीक्षांसाठी, जुन्या टंकयंत्रावरच्या रेमिंग्टन पद्धतीवर. आणि मराठी मंडळांच्या स्मरणिका ज्या छापखान्यांत जुळवल्या जात, तिथे दिवसभराचे मुख्य काम हिंदीचेच असे.

भारतीय लिप्यांसाठीचे सांकेतिक मानक १९९१ साली ठरले आणि इनस्क्रिप्टची मांडणीही त्याच्याच सोबतीने प्रमाण झाली. पण घरोघरी पोहोचले ते कृतिदेवसारखे फॉन्ट. त्यांत फाइलमध्ये प्रत्यक्ष रोमन अक्षरेच साठवलेली असत आणि वर देवनागरीचा मुखवटा असे. कृतिदेवमधला ‘क’ ही फाइलीच्या दृष्टीने रोमन ‘डी’ होती, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक दिसे. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. तरी विंडोज एक्सपीवर ती सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडीही शोधावी लागे. २००५ मध्ये सरकारी प्रयत्नातून हिंदी साधनांची मोफत सीडी निघाली. फॉन्ट, कार्यालयीन संच, न्याहाळक असे बरेच काही एका ठिकाणी देण्याचा तो प्रयत्न होता. मराठीची पाळी त्यानंतर आली, आणि हा क्रम इथल्या मराठी वापरकर्त्याच्या सवयीचाच होता.

खरा गुंता मात्र एका अक्षराचा आहे, आणि त्यावर मोफत साधनांच्या वर्णनांत सहसा एक ओळही नसते. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी घडवलेल्या व्यवस्थेत त्याला मानाची जागा मिळणे अवघडच होते. १९९६ च्या युनिकोड २.० आवृत्तीनुसार तो र, हलंत (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहायचा होता. पुढे नियम बदलला आणि ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून तोच आकार काढावा असे ठरले. हे अक्षर मुळात दाक्षिणात्य भाषांतील एका ध्वनीचे लिप्यंतर करण्यासाठी नोंदवलेले होते; मराठीची सोय त्याच्या अर्ध्या रूपात लावण्यात आली. आधीचा मजकूर मोडू नये म्हणून जुनी पद्धतही वैध ठेवली गेली.

हा निर्णय सुज्ञ होता असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि लिहून ठेवलेला मजकूर जपण्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही त्याची किंमत मराठीनेच मोजली. पडद्यावर तंतोतंत सारखे दिसणारे दोन ‘दऱ्या’ संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द झाले. एक शोधला तर दुसरा सापडेलच याची खात्री राहिली नाही. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना अदृश्य चिन्ह गळाले, तर ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते, म्हणजे दरी जाऊन समुद्र येतो. दुसऱ्या पद्धतीतही धोका आहेच, कारण युनिकोडच्या हिशेबी ऱ म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब. नुक्ते गाळणाऱ्या एखाद्या साधनातून मजकूर गेला, की तिथेही ‘दर्या’च उरते. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह ‘जे’ आणि मग ‘डी’ दाबले की हा अर्धा र सरळ निघतो. पण रेमिंग्टनवर बोटे बसलेल्या इंदुरी हातांना ही वाट कोणी दाखवलीच नाही, म्हणून अनेकांनी रफार देऊन वेळ मारून नेली. ‘ॲ’चेही असेच झाले. त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते युनिकोडच्या २००८ मधल्या ५.१ आवृत्तीत, तोपर्यंत अ वर चंद्र चढवून किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरून काम भागवले जाई, आणि ती तिन्ही रूपे आजही एकाच घरच्या संगणकात एकत्र नांदतात.

फुकट मिळणारे साधन टिकेलच असे नसते, हेही याच काळात दिसून आले. रोमन लिपीतून मराठी उमटवणारे एक लोकप्रिय साधन पुढे सशुल्क झाले. याउलट ज्यांचा स्रोत खुला होता ती साधने मालकी बदलली तरी बुडाली नाहीत: २०१० मध्ये ओपनऑफिसच्या बऱ्याच विकासकांनी वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू केले आणि जुन्या फाइली त्यात उघडत राहिल्या. त्याच्या २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर अक्षरजुळणीचे काम हार्फबझ या खुल्या यंत्रणेकडे आले, त्यामुळे विंडोजवर आणि लिनक्सवर जोडाक्षरे वेगवेगळी दिसण्याचे एक मोठे कारण संपले. प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती मराठी लेखनासाठी अलीकडच्या काळातला हाच सर्वांत महत्त्वाचा बदल आहे, आणि त्याचा सर्वांत कमी गाजावाजा झाला.

पाने लावण्याच्या स्क्रायबस या साधनाला देवनागरी नीट जुळवता येऊ लागली ती १.५.३ या चाचणी आवृत्तीपासून, स्थिर १.६ आवृत्ती २०२४ च्या आरंभी आली. त्यामुळे स्मरणिका घरी बसून मांडणे आता शक्य झाले आहे. जुनी छापील पाने पुन्हा मजकुरात आणण्यासाठी टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या साधनाची ४.० आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि तिच्यासोबत मराठीची स्वतंत्र विदाही (डेटा) मिळते; हिंदीची विदा निवडून मराठी पान वाचवू नये, ही सूचना इथे मुद्दाम करावीशी वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यावर जे जुने संगणक लिनक्सवर आणले जातात, त्यांत आयबस या लेखनपद्धती निवडण्याच्या सुविधेद्वारे मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन अशा दोन्ही पद्धती निवडता येतात.