पीबीएल आणि परीक्षेचा निकाल : पार्श्वभूमी

1969 साली कॅनडातल्या हॅमिल्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात 20 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पीबीएलने (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग : लेक्चरऐवजी छोट्या गटात रुग्णाच्या केसवरून शिकणं) शिकू लागली, तेव्हा सोबत आणखी एक निर्णय झाला होता : लेखी परीक्षा नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणाला किती येतं, हे छोट्या गटाचा ट्यूटरच ठरवणार. पीबीएलची मुलं मागे पडतात, या आरोपाचं मूळ शोधायचं तर ते केसमध्ये नाही, या निर्णयात आहे.

गटात बोलका विद्यार्थी हुशार ठरतो. गप्प बसणाऱ्याचं काय कच्चं आहे ते ट्यूटरला कळत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत तिथल्या नापासांचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी वर गेलं. विरोधकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. मात्र विषयवार परीक्षा परत आणली असती, तर मुलांनी केस सोडून नोट्स घोकल्या असत्या. म्हणून 1990 च्या दशकात प्रोग्रेस टेस्ट आली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये ती आधीच रुळली होती. हॅमिल्टनच्या पेपरात 180 एमसीक्यू, वर्षातून तीनदा. पहिल्या वर्षापासून सगळ्यांना एकच पेपर आणि काठिण्य पदवीच्या पातळीचं. विषयांची व्याप्ती एवढी की आदल्या रात्री जागून काही हाती लागत नाही. एका पेपरात गुण कमी आले तर बिघडत नाही. आलेख चढत नसेल तर तो विद्यार्थी वेळीच लक्षात येतो. त्यानंतर परवाना परीक्षेतले नापास घटले. केस तीच, गट तेच.

1993 च्या दोन मोठ्या आढाव्यांत बेसिक सायन्सच्या (अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजीसारख्या विषयांच्या) पेपरात पीबीएलवाले किंचित मागे, क्लिनिकल कामात थोडे पुढे दिसले. पण बऱ्याच ठिकाणी पीबीएलची तुकडी मुलांनी स्वतःहून निवडलेली होती, हे विसरून ते आकडे वापरले जातात.

आपल्याकडे 2019 च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने स्वयंअध्ययनाला तास दिले : अ‍ॅनाटॉमीला 40, फिजिऑलॉजीला 25. त्यात पीबीएल घ्यायचं तर अडचण ट्यूटरची आहे. 150 च्या बॅचचे आठ-आठचे गट केले तर 19 ट्यूटर लागतात, आणि प्रत्येक केसला दोन बैठका : पहिलीत काय शिकायचं ते मुद्दे लिहायचे, दुसरीत त्यांची उत्तरं तपासायची. मनुष्यबळ नसलं की गट 25 चा होतो, ट्यूटर लेक्चर देऊ लागतो, आणि शिकण्याच्या मुद्द्यांत नुसतं ‘डायबेटिस वाचणे’ लिहिलं जातं. ‘उपाशीपोटी साखर 300 असताना लघवी का वाढते?’ असा प्रश्न लिहिला, तरच दुसऱ्या बैठकीत उत्तर तपासता येतं.