काच, चांदी आणि सायनाइड: इंदूरच्या वेट प्लेट कामाची पार्श्वभूमी

राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, छत्रीबाग, जुनी इंदूरमधले उरलेसुरले वाडे आणि त्यांत राहणारी माणसं, असं सगळं वेट प्लेटवर, म्हणजे रसायन फासून ओल्या असतानाच वापरायच्या काचेवर, उतरवायचं काम सध्या शहरात आकार घेतंय. काम काही वर्षं चालणार, त्यामुळे कॅमेऱ्याआधी सामानावरच वाद सुरू झाले. प्लेट केवढी, बाथ (प्लेट बुडवायचं चांदीचं द्रावण) किती लिटरचा, ईथर कुठे ठेवायचं, फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रव्य) कोणता. यातल्या बहुतेक प्रश्नांना कुणी ना कुणी पूर्वी तोंड दिलेलं आहे. ते कोणी आणि कशापायी दिलं हे ठाऊक असलं की आपल्या सामानाची यादी नुसती वाणसामानाची राहत नाही. प्लेट ओली असतानाच सगळं का उरकावं लागतं, टिनटाइप (पत्र्यावरचं चित्र) आणि अँब्रोटाइप (काचेवरचं) यांत फरक काय, हे वाचकांना माहीत आहे असं धरून चालतो.

आरंभीचा इतिहास थोडक्यात. 1851 मध्ये लंडनमधल्या एका शिल्पकाराने कोलोडियनची (ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या, ॲसिडात मुरवलेल्या कापसाच्या चिकट द्रावाची) कृती छापली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. कागदी निगेटिव्हचं पेटंट ज्यांच्याकडे होतं त्या गृहस्थांनी ही पद्धतही आपल्याच पेटंटात येते असा दावा लावला. डिसेंबर 1854 मध्ये लंडनच्या ज्यूरीने तो मानला नाही, आणि वेट प्लेट सगळ्यांना मोकळी झाली. शिल्पकार 1857 मध्ये हलाखीत वारला.

इंदूरची बाजू सुरू होते ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात. रुडकीला शिकलेला एक तरुण 1866 मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि 1874 च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळला. लाला दीनदयाळ हे नाव इंदूरकरांना सांगायला नको. रेसिडेन्सीतल्या साहेबांनी त्याला उचलून धरलं, महाराजांनी आश्रय दिला. मध्य भारतातल्या वास्तूंची त्याने काढलेली छायाचित्रं 1886 मध्ये लंडनहून ग्रंथरूपात निघाली, आणि पुढे निजामाच्या दरबारात त्याची कीर्ती झाली. त्याची सुरुवातीची वर्षं वेट प्लेटची. 1880 च्या आसपास तयार ड्राय प्लेट बाजारात स्थिरावली आणि तंबू, बाथ, बाटल्या, हमाल हा सगळा लवाजमा मागे पडला. शहराला या माणसाचा अभिमान भरपूर आहे. त्याच्या काळोख्या तंबूत काय काय मांडलेलं असे, याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही.

बहुतेक लेख इथे थांबतात, जणू ड्राय प्लेट आली आणि वेट प्लेट मेली. फोटोग्राफरांनी ती सोडली हे खरं, छापखान्यांनी सोडली नाही. नकाशे जस्ताच्या पत्र्यावर उतरवणाऱ्या सरकारी छापखान्यांत (पुण्यातही असा एक होता) आणि पुढे हाफटोन ब्लॉक (छटा ठिपक्यांत फोडून छापायचे ठसे) करणाऱ्या दुकानांत कोलोडियन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिलं. कारणं व्यवहाराची होती. रेघ काळी ती काळी आणि पांढरी ती पांढरी येते, दाणा दिसत नाही, खर्च कमी. शिवाय काचेवरचा पापुद्रा सोडवून उलटा लावता येतो, म्हणजे ब्लॉक सुलटा छापला जातो. काच धुऊन पुन्हा वापरायला मोकळी. हाफटोनच्या गणितात आपल्या देशातही अव्वल काम झालं. कलकत्त्यातल्या एका बालसाहित्यकाराचे त्यावरचे लेख विलायतेतल्या मुद्रणाच्या वार्षिकांत छापून येत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सचित्र मासिकांमागे अशाच ब्लॉकखात्यांचे काळे पडलेले हात होते. बाथ कधी उन्हात ठेवायचा, जुनं कोलोडियन नव्यात किती मिसळायचं, कापूस गाळणीत कसा बसवायचा, ही शहाणपणाची शिदोरी त्यांनी जपली. आपल्या यादीतल्या निम्म्याहून अधिक ओळींचा उगम तंबूपेक्षा या ब्लॉकखात्यांत आहे असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं त्याच कलाने लिहिलंय.

कॅमेरा आणि लेन्स यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऑफसेट आल्यावर छापखान्यांतून निघालेले मोठे भाते आणि लेन्स भंगारात अजून सापडतात. त्या लेन्सने सपाट चित्राची नक्कल सुरेख होते, पण उजेड आत येतो तो थेंबाथेंबाने. समोर म्हातारं माणूस बसवून तिच्यावर विसंबता येत नाही. माणसांसाठी 1840 मध्ये निघालेल्या पोर्ट्रेट लेन्सचा प्रकार हवा, साधारण एफ 3.6 चा, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारा. तिच्यात मधला चेहरा धारदार येतो आणि कडा विरघळतात. इमारतीला मात्र तीच लेन्स नडते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि त्या सगळ्या उभ्या रेषा सरळ यायला हव्यात. त्यासाठी 1866 मध्ये लंडन आणि म्यूनिक इथे स्वतंत्रपणे निघालेल्या, दोन्ही अंगांनी सारख्या लेन्सचा प्रकार यादीत आहे. शटर नाही. टोपण काढायचं, सेकंद मोजायचे, टोपण लावायचं.

रंगांचा मुद्दा मात्र बसणाऱ्यांना आधी समजावून सांगावा लागेल. कोलोडियनला निळा आणि अतिनील उजेड तेवढा दिसतो. होळकरी पगडीचा लाल रंग काळा होतो, कुंकू काळं, हळद गडद, आकाश पांढरंफटक. घरची लाल पैठणी काळ्या लुगड्यासारखी दिसली म्हणून कुणी रुसू नये.

प्लेटचा आकार ठरतो तो चांदीवरून. बाथ साधारण नऊ टक्क्यांचा, म्हणजे लिटरला 90 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे 57 ग्रॅम. होल प्लेटच्या, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या उभ्या टाकीला दीडेक लिटर पुरतो. 10 बाय 12 इंचांच्या टाकीला दुपटीहून जास्त लागेल. लांबच्या कामाला एक बाथ भागत नाही. प्रत्येक प्लेटबरोबर ईथर, अल्कोहोल आणि आयोडाइड त्यात साठत जातं आणि एक दिवस प्लेटवर धुकं किंवा टाचणीची भोकं दिसू लागतात. मग तो बाथ सोड्याने उदासीन करून काचेच्या बरणीत उन्हात ठेवायचा, काळा गाळ खाली बसू द्यायचा, गाळायचा, नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पुन्हा आंबट करायचा. तेवढ्या काळात दुसऱ्या बाथवर काम चालतं. ब्लॉकखात्यांत हीच पाळी असे. होल प्लेटचे दोन बाथ म्हणजे तीन लिटर, म्हणजे जवळजवळ पंधरा तोळे चांदी पाण्यात. सराफ्यातल्या भावाकडे आता आपलंही लक्ष असतं. एकोणिसाव्या शतकातले मोठे फोटोग्राफर 12 बाय 10 च्या प्लेटा घेऊन हिंडले म्हणून आपणही हिंडावं, हा आग्रह या हिशेबापुढे टिकला नाही.

कोलोडियनची अडचण उन्हाची. ईथर 34.6 अंशांना उकळतं आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. 1866 मध्ये एका इंग्रज फोटोग्राफरने हिमालयात 18,600 फुटांवरच्या खिंडीत वेट प्लेट काढल्या, त्याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. तिथे निदान ईथर बाटलीत राहत होतं. मैदानात काम करणाऱ्यांनी ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त घातलं, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावात) ॲसिड वाढवलं, पहाटे कामाला लागले. क्षारांची निवडही काळ पाहून करावी लागते. अमोनियम आयोडाइड घातलेलं कोलोडियन लवकर लालसर आणि मंद होतं; कॅडमियमच्या क्षारांचं जास्त टिकतं, पण ते विषारी, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. यादीत साधं कोलोडियन वेगळं आणि क्षार वेगळे ठेवलेत, लागेल तसं मिसळायचं. औषधाच्या दुकानात जखमेवर लावायचं लवचीक कोलोडियन मिळतं, त्यात एरंडेल असतं; ते आणू नये. शुद्ध अल्कोहोलसाठी आबकारी खात्याचे कागद आधी करावे लागतात. कोलोडियन म्हणजे मुळात ॲसिडात मुरवलेला कापूसच, तेव्हा माळव्याचा कापूस घेऊन घरीच का बनवू नये, असं सुचवणारे उत्साही भेटतात. तो पदार्थ स्फोटकाच्या घरातला आहे. विषय यादीत नाही.

आता फिक्सर. बाकीच्या यादीवर मिळून जेवढी चर्चा झाली नसेल तेवढी या एका ओळीवर झाली. पर्याय दोन: पोटॅशियम सायनाइड किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेट).

सायनाइडवाल्यांचं म्हणणं असं. ते काही सेकंदांत प्लेट साफ करतं. हायपोला मिनिटं लागतात. सायनाइडमधून निघालेली पॉझिटिव्ह (प्लेटवरच थेट पाहायचं चित्र) सायीच्या रंगाकडे झुकते, हायपोची थोडी राखाडी राहते. सावलीतलं हलकं धुकंही सायनाइड खाऊन टाकतं. धुवायला पाणी कमी लागतं. आणि शेवटी, जुने लोक हेच वापरत, तेव्हा अस्सल वेट प्लेट सायनाइडचीच.

पहिले चारही मुद्दे खरे आहेत. पाचवा तपासून घ्यावा लागतो. 1851 च्या मूळ कृतीत फिक्सिंगला हायपोच सांगितलाय. सायनाइड बळावलं ते नंतर, मुख्यतः पॉझिटिव्हच्या धंद्यात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, चित्र चौकटीत घालून थोड्या वेळात हातात द्यायचं आणि पुढच्याला बोलवायचं. तिथे सेकंद मोलाचे आणि उजळ चेहरा त्याहून मोलाचा. कागदावर छापण्यासाठी निगेटिव्ह करणाऱ्यांना त्या सायीच्या रंगाचा काही उपयोग नव्हता. त्यांच्यात दोन्ही द्रव्यं चालू राहिली. मग ब्लॉकखात्यांनी सायनाइड पुन्हा पुढे आणलं, कारण त्यांना रेघांमधली काच अगदी निर्मळ हवी होती. आयोडीन आणि सायनाइड मिसळून ते ठिपक्यांच्या कडाही छाटत. म्हणजे जुन्यांचा दाखला द्यायचा तर तो दोन्ही बाजूंना मिळतो, आणि ज्या ब्लॉकखात्यांची मी इतकी बाजू घेतो तीच या वादात माझ्या विरुद्ध उभी आहेत.

माझा कल हायपोकडे आहे, तो लपवत नाही. डेव्हलपरमध्ये ॲसेटिक ॲसिड असतं. प्लेट नीट न खंगाळता सायनाइडमध्ये गेली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. पोटॅशियम सायनाइडची मारक मात्रा 200 ते 300 मिलिग्रॅम, नखावर मावेल इतकी. स्वतःच्या बंद खोलीत एकटा काम करणारा अनुभवी माणूस हे सांभाळू शकतो. इथे मात्र काम वर्षानुवर्षं चालणार, माणसं बदलणार, परीक्षा संपल्यावर येणारी आणि पुन्हा परीक्षेला जाणारी मुलं मदतीला असणार, डार्क बॉक्स छत्रीच्या पायऱ्यांवर लागणार आणि भोवती बघ्यांची गर्दी जमणार. 1919 च्या विषविषयक कायद्यापासून अशा द्रव्यांच्या विक्रीवर परवान्याचं बंधन आहे. मुलामा चढवणाऱ्यांच्या धंद्यात सायनाइड असतंच, त्यामुळे ते मिळणं हा मुद्दा नाही. तिसऱ्या वर्षी कपाटाची किल्ली कुणाकडे असेल, हा आहे. शिवाय फिक्सरमध्ये उलटं दिसणारं चित्र सुलटं होत जातं तो क्षण लोकांना दाखवण्याजोगा असतो. सायनाइडच्या ट्रेवर कुणाला वाकू देता येणार नाही.

हायपोही बिनत्रासाचा नाही. त्याचा अंश हाताला किंवा फडक्याला लागून बाथमध्ये गेला तर चांदीचा सत्यानाश ठरलेला, म्हणून फडकी, ट्रे, चिमटे सगळं वेगळं, आणि हायपोच्या बाजूचा माणूसही शक्यतो वेगळा. धुणं अर्ध्या तासाचं. पण कोलोडियनचा पापुद्रा पातळ आणि काच काही शोषत नाही, त्यामुळे कागदी प्रिंटइतकं पाणी लागत नाही. बाहेर काम असेल तेव्हा डेव्हलप करून खंगाळलेली प्लेट ग्लिसरीन घातलेल्या पाण्याच्या पेटीत घरी आणून फिक्स करता येते. नर्मदेचं नळाचं पाणी धुण्यापुरतं ठीक. बाथ आणि डेव्हलपरला डिस्टिल्ड, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला लगेच दुधाळ करतं. वापरलेला फिक्सर बुधल्यात साठवून त्यातली चांदी काढून घ्यायची. तो कान्ह नदीतही जाणार नाही आणि सकाळच्या कचरागाडीतही नाही. यादीत सध्या हायपो आहे. सायनाइडवाल्यांचा विरोध नोंदवून ठेवलाय, आणि बंद खोलीत तुलनेपुरत्या काही प्लेट करायला कुणाची हरकत नाही.

पुढचं वेळापत्रक हवामानाने ठरवून टाकलंय. छायाचित्रं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढायची. मार्चपासून बाथ उन्हात, प्लेट धरणाऱ्या होल्डरच्या कोपऱ्यांवर शेलॅकचा नवा हात, आणि सांभाळून ठेवलेल्या प्लेटांना वार्निश. वार्निश म्हणजे चंद्रुस अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात लव्हेंडरचं तेल. प्लेट दिव्यावर कोमट करून ओतायचं. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते पांढुरकं पडतं, म्हणून हे काम जूनच्या आत संपवायचं. पहिल्या खेपेची दोन मिलिमीटरची काच कापायला दिली आहे. कडा आपल्यालाच घासून घ्यायच्या आहेत, नाहीतर पापुद्रा तिथूनच उचलला जातो.