शिकारीसाठी फळझाडांची लागवड

हरणे शिकाऱ्याच्या टप्प्यात यावीत म्हणून त्यांच्या आवडीची फळे देणारी झाडे मुद्दाम लावण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागांत खासगी जमिनींवर ती रूढ आहे आणि तिचा रोख मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणावर असतो. गळालेल्या फळांखाली जनावर येते हे ज्ञान तसे जुनेच. मोह फुलला की चितळ-सांबर कुठे सापडतील, हे विदर्भातल्या जंगलात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार हा गुन्हा ठरतो.) अमेरिकेत मात्र झाडच शिकार डोळ्यांपुढे ठेवून लावले जाते.

बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हे हरीण काही लाखांवर आले होते. कायदे कडक झाले आणि आता संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. पुढे जमीनमालक शिकारी स्वतःच्या रानाची निगा राखू लागले. १९८८ मध्ये साउथ कॅरोलिनात स्थापन झालेल्या ‘क्वालिटी डिअर मॅनेजमेंट असोसिएशन’ने या विचाराला बळ दिले. आधी क्लोव्हरसारख्या चाऱ्याचे तुकडे पेरले जात, त्यांच्या कडेने मग झाडे आली. कायद्याचाही यात वाटा आहे. टेक्सासमध्ये मका टाकून हरीण बोलावता येते. न्यूयॉर्क आणि मिनेसोटात असे आमिष बेकायदा आहे. झाडावरून आपोआप पडलेले फळ सहसा आमिषात मोडत नाही, पण तेच सफरचंद पोत्यातून आणून ओतले तर मोडते.

झाडांची निवड फळगळीच्या वेळेवर ठरते. तिरकमठ्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो, बंदुकीचा त्यानंतर. ऑगस्टमध्येच गळून जाणारे सफरचंद कितीही गोड असले तरी शिकाऱ्याच्या कामाचे नसते. म्हणून उशिरा गळणाऱ्या जाती पाहतात. ‘कीफर’ हे टणक, चवीला सुमार नाशपाती त्यामुळेच लोकप्रिय आहे. पर्सिमन हा आपल्या टेंभुर्णीचा सगोत्री. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे एकटे झाड लावणाऱ्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. सफरचंद आणि चेस्टनटलाही (कवचाची खाद्य फळे देणारे झाड) परागीभवनासाठी जवळ दुसरे झाड लागते.

कवचाच्या फळांत ओकचा मान पहिला. पांढऱ्या ओकची फळे एका हंगामात पिकतात, त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य कमी असते आणि हरणे ती आधी संपवतात. तांबड्या ओकच्या फळांना दोन हंगाम लागतात. ती कडवट, म्हणून हिवाळ्यापर्यंत जमिनीवर टिकतात. पण ओक दरवर्षी सारखा फळत नाही, आणि पांढऱ्या ओकला फळू लागायलाच वीसेक वर्षे जातात. चेस्टनट तीन ते पाच वर्षांत फळू शकतो. अमेरिकी चेस्टनटची तीन ते चार अब्ज झाडे १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीने पुढच्या काही दशकांत संपवली, त्यामुळे आता चिनी किंवा ‘डन्स्टन’सारखी संकरित झाडे लावतात.

खरी कसरत पुढे असते: ज्याच्यासाठी झाड लावायचे त्याच्यापासूनच ते वाचवायचे. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते कोवळा शेंडा कापत नाही, ओरबाडते, आणि टोक चिंध्यांसारखे उरते. शेंडा वाचला तरी शरद ऋतूत नर मनगटाएवढ्या खोडावर शिंगे घासून साल सोलून काढतो. म्हणून रोपाभोवती चार-पाच फुटांची प्लॅस्टिकची नळी बसवतात, पुढे तारेचा पिंजरा करतात. बुंध्याशी गवत माजले तर उंदीरवर्गीय प्राणी आत शिरून साल कुरतडतात, म्हणून तिथे तणरोधक चटई अंथरतात. इतका खटाटोप न झेपणाऱ्याने रानातच वाढलेले जुने सफरचंद शोधावे आणि त्यावर सावली धरणारी आजूबाजूची झाडे तोडावीत. हा उपाय स्वस्त आहे आणि फळही लवकर मिळते. रोपवाटिकांच्या जाहिरातींत तो फारसा दिसत नाही, हे साहजिकच.

मचाण झाडाला अगदी लगटून नसते. हरणाला माणसाचा वास लागू नये म्हणून मचाण हरणाच्या येण्याच्या वाटेवर, वारा हरणाकडून मचाणाकडे वाहील अशा बाजूला बांधतात.

या पद्धतीवरचे आक्षेप बहुतेक झाडांच्या निवडीवर आहेत. लवकर फळतो म्हणून आशियातला सॉटूथ ओक वन्यजीवांच्या नावाने मोठ्या प्रमाणावर लावला गेला. आता काही ठिकाणी तो स्थानिक झाडांची जागा घेतो आहे. कॅलेरी या आशियाई जातीच्या नाशपातीचे प्रकरण अधिक त्रासाचे. पक्षी तिचे बी सर्वत्र पसरवतात. शिवाय ती नाशपातीच्या कलमांना खुंट म्हणून वापरली जाते, त्यामुळे वरचे कलम मेले की खालून काटेरी कॅलेरीच फुटून येते. ओहायोत २०२३ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.