लोकलचा केक आणि जुलैतली हवा

भाच्याचा चौथा वाढदिवस जुलैत होता आणि त्याला केक हवा होता लोकलचा. पांढरा डबा, त्यावर जांभळे पट्टे. आमच्या माटुंग्याच्या खिडकीतून रूळ दिसतात, त्यामुळे रंग जरासा चुकला तरी त्याच्या लगेच लक्षात आला असता. आदल्या वर्षीचा मोटारीचा केक मला आठवत होता. फ्रिजमधून काढून अर्धा तास झाला नाही तोच लाल रंगाचे ओघळ ताटात उतरले होते. केक चांगला भाजला होता, चवही छान होती. त्याला बिघडवलं ते हवेनं.

हवेचं काम खरं तर पीठ भिजवण्याच्याही आधी सुरू होतं. लोणी आणि साखर फेटताना साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा ओढून नेतात आणि तिचे बारीक बारीक बुडबुडे तयार होतात. केक फुलतो तो सोड्यामुळे, असं आपण म्हणतो. पण सोडा नवे बुडबुडे जवळजवळ करतच नाही, आधी अडकलेले बुडबुडे तो फुगवतो. म्हणून फेटण्यात आळस केला तर पुढे कितीही सोडा घाला, केक दडदडीतच होतो.

आमच्याकडे अंडं न खाणारी माणसं आहेत, म्हणून मी दही घालते. दह्यातलं लॅक्टिक आम्ल आणि खायचा सोडा ओल्या पिठात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो, आपली वाट बघत थांबत नाही. त्यामुळे कुकर आधीच तापलेला हवा: तळाला मीठ पसरलेलं, शिटी आणि रिंग काढलेली. आत गेल्यावर वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते, बुडबुडे ताणले जातात आणि मग मैद्यातला स्टार्च व प्रथिनं घट्ट होऊन त्यांच्या भिंती पक्क्या होतात. त्याआधी झाकण उघडून डोकावलं तर गार हवेनं केक मधोमध बसतो.

‘लहान मुलांसाठी आहे, साखर निम्मीच घालू’ हा विचार मायेचा आहे, पण साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते आणि स्टार्च घट्ट होण्याचं तापमान वर नेते, म्हणजे केकला फुलायला वेळ मिळतो. ती फार कमी केली तर केक लवकर आवळतो, बुटका आणि कोरडा होतो. गोड कमी करायचं असेल तर ते वरच्या आयसिंगमध्ये करावं, थर पातळ द्यावा.

जांभळ्या रंगासाठी मी गोकर्णाची फुलं घेतली. ती गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं. त्यात लिंबाचे थेंब पडले की जांभळं. फुलातली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आम्लात आपली रचना बदलतात, तसा रंग बदलतो. भाच्याला स्टुलावर उभं करून त्याच्याच हातानं लिंबू पिळून घेतलं. हा रंग पाण्यात विरघळतो, लोण्यात नाही. म्हणून तो बटरक्रीममध्ये न घालता पिठीसाखरेत कालवून पट्टे काढले. पिवळ्यासाठी हळद वापरणार असाल तर जपून: सोडा जास्त झाला की ती लालसर होते. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुन्याची जोड देऊन. चाकांना क्रीमची बिस्किटं लावली. गोल कडक गोळ्या एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, त्या नकोतच.

आता ते ओघळ. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. फ्रिजमधला केक असतो ४-५ अंशांवर. म्हणजे तो टेबलावर आला की त्याला घाम फुटणारच. साखर हे पाणी अधाशासारखं ओढते, स्वतः विरघळते आणि रंगाला सोबत घेऊन खाली उतरते. पंखा लावून उपयोग नाही, तो आणखी दमट हवाच केकवर आणून सोडतो. एसीची खोली बरी, कारण एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून टाकतो.

आत ताजं क्रीम होतं, त्यामुळे फ्रिज टाळता येत नव्हता. यंदा केक झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवला, डब्यासकट बाहेर काढला आणि एसी लावलेल्या खोलीत तासभर झाकण उघडू दिलं नाही. डब्यात कोंडलेल्या थोड्याशा हवेत वाफ ती किती असणार! सगळं दव डब्याच्या बाहेरच्या अंगावर जमलं. ते फडक्यानं पुसलं, झाकण काढलं. पट्टे कोरडे होते, सरळ होते. भाच्यानं आधी चाकं मोजली, मग पहिलं चाक आजीला दिलं.