फौजेतून मुदतीआधी परतलेला मुलगा: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी पेन्शन, नोंदणी आणि अपिलाची माहिती

पाचव्या किंवा आठव्या वर्षी फौजेतून घरी आलेल्या मुलाला काय मिळणार, हे त्याने किती वर्षे काढली यावर फारसे ठरत नाही. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, सुटण्याचे कारण काय लिहिले आहे, त्यावर ते ठरते. म्हणून मुलगा (किंवा मुलगी) घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पान शांतपणे वाचा.

जवान आणि जेसीओंसाठी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) साध्या सर्व्हिस पेन्शनला १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. त्याआधी सुटण्याचे चार-पाच मार्ग आहेत. वैद्यकीय मंडळाने सेवेस अयोग्य ठरवणे, म्हणजे लष्करी बोलीत ‘बोर्ड आउट’. स्वतःच्या विनंतीवरून सुटणे. सेवेची गरज उरली नाही म्हणून काढणे. प्रशिक्षणात रिक्रूट टिकणार नाही असे ठरणे. आणि शिस्तभंगाची बडतर्फी. यातले पहिले दोन एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात आणि तिथेच घरे फसतात. कायमच्या लो मेडिकल कॅटेगरीत (प्रकृतीमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत) गेलेल्या जवानाला पुढे सेवा करायची इच्छा आहे की नाही, हे लेखी विचारले जाते. कंटाळलेला, दुखावलेला मुलगा ‘इच्छा नाही’ लिहून मोकळा होतो किंवा सरळ विनंतीचा अर्ज देतो. विनंतीवरून सुटलेल्याला १५ वर्षांआत सर्व्हिस पेन्शन नाही आणि बहुतेक वेळा माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मुलगा अजून युनिटमध्ये असेल तर फोनवर त्याला एवढेच सांगा: कुठल्याही विनंतीच्या कागदावर सही करण्याआधी दोन दिवस थांब, आणि त्या कागदाची प्रत माग.

चौदा वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली असेल तर आणखी एक दार आहे. पेन्शनपात्र सेवेतली १२ महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद आहे. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) स्वतंत्र अर्ज करावा लागतो, ते आपणहून कोणी करून देत नाही.

युनिट सोडण्याआधी हातात घ्यायचे कागद

मूळ डिस्चार्ज बुक, डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या फॉर्मची प्रत. या अहवालात रोग किंवा इजेचे नाव, अपंगत्वाची टक्केवारी आणि ते लष्करी सेवेमुळे झाले किंवा सेवेमुळे वाढले का, यावर मंडळाचे मत असते. पुढची सगळी लढाई या मताभोवती फिरते. इजा असेल तर इजेचा अहवाल (आयएएफवाय-२००६) आणि चौकशी झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे निष्कर्ष. लष्करी रुग्णालयाच्या सर्व डिस्चार्ज स्लिपा. बर्फात, उंचीवर किंवा दहशतवादविरोधी भागात पोस्टिंग झाले असेल तर त्याच्या नोंदी. लष्कराच्या गट विम्याचा, म्हणजे एजीआयएफचा (नौदलात एनजीआयएफ, हवाई दलात एएफजीआयएस) सेवासमाप्तीचा दावा, भविष्य निर्वाह निधीचा अंतिम हिशेब आणि रजेच्या पगाराचे कागद. मुदतीआधी अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्यांसाठी गट विम्यात वेगळे कलम असते, ते विचारून घ्या.

काही राहिलेच तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. नौसैनिकांचे काम मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये होते, वाशीहून खाडी ओलांडली की आलेच. हवाई दलाचे रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला आहे. साध्या पत्राला उत्तर आले नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज ऑनलाइन करा. तो मुलाच्याच नावाने हवा. आईवडिलांनी स्वतःच्या नावाने केला तर ‘त्रयस्थ व्यक्ती’ म्हणून परत येतो. हेच बाकी पत्रव्यवहाराला लागू. मुलगा सज्ञान आहे, सही त्याचीच लागते. तो अंथरुणाला असेल तर अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र करून ठेवा. मानसिक आजारामुळे त्याला स्वतः निर्णय घेता येत नसेल तर पालकत्वाचा प्रश्न वेगळा आहे, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी नेलेला बरा.

पेन्शन कशी मोजतात

बोर्ड आउट झालेल्याचे अपंगत्व सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले धरले गेले तर डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग मिळतात. सेवेचा भाग शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. त्याला किमान सेवेची अट नाही, तीन वर्षांतही मिळतो. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वासाठी पगाराच्या ३० टक्के आणि त्याखाली प्रमाणात. टक्केवारी मात्र ‘वर गोल’ केली जाते: ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ ला ७५, त्यावर १००. समजा पेन्शनसाठी धरलेला पगार ३६,००० आहे आणि मंडळाने ३० टक्के लिहिले. सेवेचे १८,०००. अपंगत्व ५० धरून १०,८०० चे निम्मे, ५,४००. एकूण २३,४०० आणि वर महागाई भत्ता. पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) ३० टक्क्यांनुसार ३,२४० दिसले तर गोल करणे राहून गेले आहे, लगेच लिहा. बोर्ड आउट झालेल्याच्या या दोन्ही भागांवर आयकर नाही. बँक किंवा कर सल्लागार कधी फक्त दुसऱ्याच भागाला सूट देतात, तेव्हा सेवेचा भागही दाखवा.

२१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व-पेन्शनचे नवे पात्रता नियम लागू आहेत. त्यानंतर सुटलेल्याच्या प्रकरणात जुन्या परिपत्रकांच्या प्रती जोडू नका.

मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असे लिहिले तर डिसॅबिलिटी पेन्शन थांबते. मग दहा वर्षांवर सेवा असेल तर इनव्हॅलिड पेन्शन (सेवेशी संबंध नसलेल्या असमर्थतेची पेन्शन), त्याखाली ग्रॅच्युइटी. १६ जुलै २०२० च्या आदेशाने दहा वर्षांपेक्षा कमी सेवेलाही इनव्हॅलिड पेन्शन मिळू शकते, पण जवान लष्करी सेवेबरोबरच नागरी नोकरीलाही कायमचा असमर्थ झालेला असावा आणि ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असावा. ‘नागरी नोकरीलाही’ हे शब्द अहवालात नसतील तर अर्ज अडकतो.

अग्निवीर असेल तर हिशेब पूर्ण वेगळा. पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला ५०, ७५ आणि १०० टक्क्यांनुसार १५, २५ आणि ४४ लाख रुपये एकरकमी, चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार सेवानिधीसह (पगारातून कापलेला आणि सरकारने घातलेला निधी) आणि साठलेला सेवानिधी. स्वतःच्या विनंतीने सुटला तर फक्त त्याच्या पगारातून कापलेला वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा नाही. एनडीए किंवा आयएमएत प्रशिक्षणातच जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटला पेन्शन नसते, मासिक सानुग्रह रक्कम असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा कॅडेटना ईसीएचएसची सोय जाहीर झाली.

ठाणे की रायगड?

माजी सैनिक म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. इथे नवी मुंबईकर हमखास चुकतात. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याचे कार्यालय. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा आणि कार्यालय अलिबागला. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिले म्हणून ठाण्याला गेलात तर एक दिवस वाया.

दुसरी अडचण गावाची. ठाण्यातल्या कितीतरी घरांतली मुले भरतीच्या वेळी सातारा, सांगली, कोल्हापूरचा पत्ता देतात. डिस्चार्ज बुकात तोच पत्ता राहतो आणि रेकॉर्ड ऑफिसची पत्रे गावाकडच्या बंद घरी जाऊन पडतात. अपिलाची मुदत तिथेच संपते. पत्ता आधी स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये बदला, मग सैनिक कल्याण कार्यालयात. गावच्या जिल्ह्यात आधीच नोंदणी झाली असेल तर तिथून बदलीची कागदपत्रे आणावी लागतात.

नोंदणीला जाताना मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक, राहण्याचा पुरावा (वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार), फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच न्या. घर भाड्याचे असेल तर साधा नोटरी करार चालेल असे गृहीत धरू नका.

सगळ्यात जास्त वेळ खातो नावातला फरक. डिस्चार्ज बुकात आडनाव आधी, आधारवर नाव आधी, वडिलांचे नाव कुठे पूर्ण तर कुठे फक्त अक्षर. पेन्शन स्पर्शवरून येते आणि तिथे आधार-पॅन-पीपीओ जुळले नाही तर ओळख पडताळणी अडते. प्रतिज्ञापत्र सैनिक कल्याण कार्यालयात चालते, रेकॉर्ड ऑफिसात नेहमी चालत नाही. फरक फक्त आधारमध्ये असेल तर आधारच दुरुस्त करा. ते सर्वांत स्वस्त आणि लवकर होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. एक वर्ष चुकले की पेन्शन बंद पडते.

ईसीएचएस

पेन्शन (डिसॅबिलिटी धरून) मिळणाऱ्या माजी सैनिकाला ईसीएचएस मिळते. एकरकमी वर्गणी शिपाई ते हवालदार ३०,०००, जेसीओ ६७,०००, अधिकारी १,२०,०००. ती बहुधा पेन्शनच्या हिशेबातच कापली जाते, म्हणून पुन्हा भरण्याआधी पीपीओ पाहा. आईवडील आश्रित म्हणून येतात, पण दोघांचे मिळून मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत हवे. रेल्वे, महापालिका किंवा एसटीची पेन्शन घेणारे वडील बहुधा बसत नाहीत. उत्पन्न लपवून कार्ड काढू नका, पडताळणीत मुलाचेच कार्ड अडचणीत येते.

कृत्रिम अवयवासाठी पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर (१९४४ पासून), मणक्याची इजा असेल तर खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, व्यवसाय प्रशिक्षणाला खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. मानसिक आजारात बोर्ड आउट झालेल्यांचे औषध घरी आल्यावर महिनाभरात तुटते, कारण ईसीएचएस कार्ड अजून आलेले नसते. त्या मधल्या काळासाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. लष्करी डॉक्टरांचे शेवटचे प्रिस्क्रिप्शन सोबत न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही वापरता येतो.

दावा फेटाळला तर

फेटाळल्याचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे. अपिलात ‘गरीब घर, एकुलता मुलगा’ हे लिहून उपयोग नाही. दोन गोष्टी लिहा. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत हा आजार नोंदलेला नव्हता, आणि तो सेवेतल्या कुठल्या पोस्टिंगनंतर सुरू झाला. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानायचे आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. टक्केवारी २० च्या खाली दाखवून नाकारले असेल तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल: ज्या अपंगत्वामुळे सेवेतून काढले ते २० टक्क्यांहून अधिक मानायचे.

मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अपिलाच्या अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जायचे. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आले नाही तरी जाता येते. वकिलाआधी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, अपंग व्यक्तीला तिथे मोफत मदतीचा हक्क आहे.

नोकरी

राज्य शासनाच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क ला १० आणि ड ला २० टक्के. वयात सेवेची वर्षे अधिक तीन वर्षे सूट. मात्र ‘१५ वर्षे सेवा म्हणजे पदवी’ ही सवलत मुदतीआधी सुटलेल्याला नाही, म्हणून पदवी अर्धवट असेल तर तीच आधी पुरी करायला लावा.

दिव्यांग आरक्षणासाठी लष्करी मंडळाची टक्केवारी चालत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) वेगळे काढावे लागते, त्याची तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि किमान ४० टक्के लागतात. दोन्हीतले आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, मोजण्याचे नियमच वेगळे आहेत. तपासणीला एएफएमएसएफ-१६ ची प्रत न्या आणि मूळ कागद कुणाकडेही ठेवून येऊ नका.