सुताला मानवणारी हवा

माझी आजी लालबागच्या चाळीत राहिलेली. ती सांगायची, "सोमवार आला की ह्यांची छाती भरायची, गुरुवार-शुक्रवारपर्यंत जरा मोकळी व्हायची आणि रविवारी तर माणूस एकदम ठणठणीत." आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात होते. घरच्यांना वाटायचं रविवारचं मटण बाधतंय, डॉक्टर म्हणाले दमा, आणि दमा म्हणूनच ते गेले. पुढे मी फिजिऑलॉजी शिकायला लागले तेव्हा एका लेक्चरला सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, बिसिनोसिस, आणि म्हणाले याची ओळख म्हणजे आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. मला वर्गात बसल्याबसल्या आजी आठवली.

हा आजार कापसाच्या धुळीचा. आपल्याला वाटतं कापसाचे तंतू छातीत जात असतील, पण कापसाचा धागा लांब असतो, तो बहुतेक नाकाघशातच अडकतो. खरा त्रास देतो तो बोंडाबरोबर आलेला पाचोळा, बोंडाखालच्या पानांचा चुरा, आणि त्या चुऱ्यावर वाढलेले बॅक्टेरिया. हे बॅक्टेरिया मेले तरी त्यांच्या बाहेरच्या आवरणातला एक पदार्थ शिल्लक राहतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. ब्लो रूममधे गाठी फोडून कापूस पिंजतात, मग कार्डिंगला तारांच्या दातांतून तो विंचरला जातो, तिथेच हा चुरा सगळ्यात जास्त उडतो. एंडोटॉक्सिन फुफ्फुसात गेलं की शरीराला वाटतं इन्फेक्शन झालं, श्वासनळ्या सुजतात, आवळतात. पण रोज रोज तोच मारा झाला की शरीर त्याला थोडं सरावतं आणि आठवड्याच्या शेवटी त्रास कमी वाटतो, मग एक दिवस सुट्टी मिळाली की तो सराव मोडतो आणि सोमवारी पहिल्यापासून सुरू. बरीच वर्षं असं चाललं की मग सोमवार आणि शनिवार यात फरकच राहत नाही, श्वासनळ्या कायमच्या खराब होतात, आणि तेव्हा एक्स-रे काढला तरी त्यात या रोगाची वेगळी अशी काही खूण दिसत नाही. म्हणून दमा.

तो रविवार तरी मुंबईच्या कामगारांना कुठे सहज मिळाला होता? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मधे गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मधे रविवारची सुट्टी पदरात पडली. माझ्या आजोबांना छाती मोकळी झालेला जो एक दिवस मिळायचा तो लोखंड्यांमुळे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हवेचं बघू. गिरण्या मुंबईत का आल्या याचं एक कारण इथली दमट हवा असं आपण शाळेत शिकलो, पण ते का ते कुणी सांगत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला पाणी धरून ठेवायची भारी आवड. हवेत ओल असली की तंतू ती शोषून घेतो आणि कापसाचा धागा ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो, शिवाय घर्षणाने वीज साठून तंतू एकमेकांपासून फाकत नाहीत. कोरड्या हवेत धागा पटापट तुटतो, साचा म्हणजे माग थांबतो, माल कमी निघतो. म्हणून मुंबईची ओल पुरेशी नाही असं वाटलं की विणाईच्या खात्यात वरून पाण्याचे फवारे किंवा वाफ सोडायचे आणि वारा येऊ नये म्हणून खिडक्या बंद.

माणसाच्या शरीराचं गणित बरोबर याच्या उलटं आहे. आपण थंड राहतो ते घाम उडाल्यामुळे, नुसता घाम येऊन काही होत नाही. एक लिटर घाम उडाला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. पण हवेत आधीच ओल भरलेली असेल तर घाम उडणार कुठे, तो नुसता गळत राहतो, पाणी आणि मीठ जातं आणि अंग तापतच राहतं. म्हणजे हवा ठरवली सुतासाठी, आणि माणसाने त्यात बारा बारा तास उभं राहायचं. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा पण १९११ च्या कायद्याने आली, त्याआधी विजेचे दिवे आले तसे दिवस आणखी लांबले होते.

आणि युद्धाचं नातं या धुळीशी फार जुनं आहे. १८६१ मधे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाला, ज्याला तिकडे सुरती म्हणायचे, सोन्याचा भाव आला. तो कापूस आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला. लँकशायरच्या कामगारांना तो वापरताना खोकला आणि छातीचा त्रास व्हायला लागला, तिथल्या डॉक्टरांनी १८६३ मधेच त्यावर लिहून ठेवलंय. १८६५ मधे युद्ध संपलं आणि भाव कोसळले, पण कापसाच्या धंद्यातला पैसा पुढे मुंबईच्या गिरण्यांतही लागला आणि तीच धूळ आपल्या माणसांच्या वाट्याला आली.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी भरपूर कमावलं, पण धान्य, कापड, रॉकेल सगळं महाग झालं आणि पगार मागे राहिले, १९१९ च्या जानेवारीत एक लाखाहून जास्त कामगार संपावर गेले ते उगाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी जूनमधे बंदरातून इन्फ्लुएंझा शहरात शिरला होता. दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमधे आली ती भयानक होती, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद आहे. पाऊस नीट झाला नव्हता, पोटात अन्न नव्हतं, आणि राहायला चाळीतली ती एक खोली.

त्या खोलीचा हिशोब मी एकदा करून बघितला. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी बांधल्या त्यांची खोली १६० चौरस फूट. उंची दहा फूट धरली तर आत साधारण ४५ घनमीटर हवा. एका गावचे लोक मिळून राहायचे अशा गाववाल्यांच्या गाळ्यात दहा जण तरी झोपायचेच. झोपलेला माणूस तासाला साधारण ०.४ घनमीटर हवा आत-बाहेर करतो, म्हणजे दहा जण आठ तासात ३२ घनमीटर. पावसाळ्यात खिडकी लावून झोपलात तर सकाळपर्यंत खोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग भरेल एवढी हवा कुणा ना कुणाच्या छातीतून फिरून आलेली! टीबीचे जंतू बंद हवेत काही तास तरंगत राहतात, ऊन लागलं की मरतात, पण आतल्या खोल्यांना ऊन नाही. त्यात पाळ्या. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची आणि आपली पसरायची, खोली कधी रिकामी होऊन तिची हवा बदलायला वेळच नाही. दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालल्या, बर्मा जपानने घेतल्यावर तांदूळ तुटला आणि १९४३ मधे मुंबईत रेशनिंग आलं, भातावर वाढलेल्या कोकणी माणसाला भात मोजून मिळायला लागला.

हा आजार टाळता येतो हे मला सगळ्यात जास्त लागतं. अमेरिकेने १९७८ मधे सूत काढायच्या खात्यासाठी हवेतल्या कापसाच्या धुळीला एका घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली, मशिनवर झाकणं आणि धूळ ओढून घेणारे पंखे बसवले आणि बिसिनोसिस खूप कमी झाला. त्यात कुठलंच औषध नव्हतं, हवा साफ केली एवढंच.

गिरणगावातले भोंगे बंद झाले, पण जिनिंग आणि सूतगिरण्या राज्यात अजून चालू आहेत. तुमच्या घरातलं कुणी तिथे कामाला असेल आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होत असेल तर डॉक्टरांना आधी कामाचं सांगा, मग खोकल्याचं. नळीत जोरात फुंकायची टेस्ट असते, स्पायरोमेट्री, ती त्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा करून घ्या, दोन आकड्यांत फरक पडला तर तो कागद जपून ठेवा आणि सिगारेट-बिडी असेल तर ती त्याच दिवशी सोडा, कारण धुरामुळे हा आजार झपाट्याने वाढतो. आजोबांच्या फाईलमधे असा एकही कागद नाही.